बोथ, आयदर, नायदर: दोघांबद्दलच्या इंग्रजी वाक्याचा अर्थ उलटतोय? या क्रमाने तपासा

आधी लक्षणं. यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं, तरी पुढचं वाचा.

• तुम्ही कळवलंत की दोघंही येणार नाहीत. उलट विचारणा आली, "मग दोघांपैकी येणार कोण आहे?"
• दोघांना द्यायची रक्कम लिहिलीत. समोरच्याने फोन करून विचारलं, "प्रत्येकी की मिळून?"
• "माय बोथ सन्स" या शब्दांभोवती कोणीतरी लाल शाईने गोल काढला, पण चूक काय ते सांगितलं नाही.
• तीन तारखा दिल्यात, शेवटी "आयदर डेट इज फाइन" लिहिलंत, आणि नेमकी कोणती तारीख चालेल हा प्रश्न परत तुमच्याकडेच आला.
• "बायवीकली" बैठक ठरली. काहीजण आठवड्यातून दोनदा हजर राहिले, काहीजण पंधरवड्यातून एकदा.
• बँकेतलं खातं दोघांच्या नावावर आहे, तरी एकट्याच्या सहीने पैसे निघत नाहीत.

गेली अठरा वर्षं मी मराठी माणसांनी लिहिलेलं इंग्रजी तपासून देते. नोकरीचे अर्ज, सोसायटीच्या नोटिसा, व्हिसासाठीची पत्रं, बँकेला लिहिलेल्या विनंत्या, शाळेच्या दाखल्यांची भाषांतरं. स्पेलिंग हल्ली फोनच सुधारतो. काळाच्या चुका वाचणारा समजून घेतो. पण वाक्यात दोन माणसं किंवा दोन वस्तू आल्या की होणारा बिघाड फोनला दिसत नाही आणि लिहिणाऱ्यालाही नाही. वाचणाऱ्याला अर्थ अगदी व्यवस्थित लागतो, फक्त तो आपला नसतो. म्हणून ही चूक मला बाकीच्या चुकांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

बिघाड का होतो, ते समजलं की दुरुस्ती निम्मी झाली. मराठीत दोनाचा हिशेब "दोघं" या एका शब्दात नसतो. तो शेजारच्या बारीकसारीक शब्दांत असतो: ही, च, पैकी, प्रत्येकी, मिळून, पाच-पाच. "दोघं आली नाहीत, एकटी सुनंदा आली" आणि "दोघंही आली नाहीत" ही दोन वाक्यं मराठी माणूस कधीच एक मानणार नाही. सगळा फरक त्या "ही"मध्ये आहे. इंग्रजी करताना आपण "दोघं"ला "बोथ" करतो, "नाही"ला "नॉट" करतो, आणि "ही"ला इंग्रजीत वेगळा शब्द नसल्यामुळे तो वाटेत गळून पडतो. मराठी मनात तो असतोच, त्यामुळे लिहिणाऱ्याला काही हरवल्याचं जाणवत नाही.

आता तपासणी. क्रम मुद्दाम असा लावला आहे की सगळ्यात सोपं आधी येईल. बहुतेक वाक्यं पहिल्या तीन पायऱ्यांतच दुरुस्त होतात.

पहिली पायरी: मोजा

दहा सेकंदांचं काम. तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिताय ते खरोखर दोनच आहेत का? बोथ (दोन्ही), आयदर (दोघांपैकी कोणताही एक), नायदर (दोघांपैकी एकही नाही), फॉर्मर (आधी सांगितलेला), लॅटर (नंतर सांगितलेला) हे शब्द दोनासाठी घडलेले आहेत. तीन झाले की ऑल, एनी, नन, फर्स्ट, लास्ट. तीन तारखा दिल्या असतील तर "एनी ऑफ दीज डेट्स". पाच उमेदवारांपैकी कोणीच पात्र नसेल तर "नन ऑफ द फाइव्ह", "नायदर ऑफ द फाइव्ह" नाही. चार मुद्दे सांगून "द लॅटर" म्हटलं तर वाचणारा शेवटचे दोन घेईल की शेवटचा एक, सांगता येत नाही.

बोलण्यात इंग्रजी माणसंही इथे सैल असतात, आणि "आयदर ए, बी ऑर सी" असे ऑरने जोडलेले तीन पर्याय लेखी भाषेतही चालतात. पण सरकारी किंवा पैशाच्या कागदावर हा फरक पाळलेला असतो. आपल्या बँकांच्या फॉर्मवरच पाहा: खातं दोघांचं असेल तर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो), दोनहून जास्त जणांचं असेल तर "एनीवन ऑर सर्व्हायव्हर".

हा फरक मराठी वाचकाला परका वाटायचं कारण नाही, हे मी शिकवताना नेहमी सांगते. संस्कृतात दोघांपैकी कोण असं विचारायचं तर "कतर", पुष्कळांपैकी कोण असं विचारायचं तर "कतम". दोघांत सरस तो "श्रेष्ठतर", सगळ्यांत सरस तो "श्रेष्ठतम". पाणिनीने यासाठी वेगवेगळी सूत्रं दिली आहेत. इंग्रजीतल्या व्हेदर, आयदर, नायदर, अदर यांच्या शेवटी जो आवाज येतो तो आणि हा "तर" एकाच मुळाचे आहेत. व्हेदर तर थेट कतरचा भाऊबंद. आणि बोथचं नातं आपल्या "उभय"शी लागतं. जुन्या इंग्रजीत "आपण दोघं" आणि "तुम्ही दोघं" यांसाठी वेगळी सर्वनामंसुद्धा होती, ती पुढे नाहीशी झाली. मराठीनेही द्विवचन सोडलं. दोन्ही भाषांनी सोडलेल्या त्या घराचे राहिलेले वासे म्हणजे हे शब्द. म्हणूनच दोघांची तुलना करताना औपचारिक लिखाणात "द बेटर ऑफ द टू" लिहितात, "द बेस्ट ऑफ द टू" नाही.

दुसरी पायरी: बोथच्या आसपास "नॉट" शोधा

सगळी पोस्ट वाचायला वेळ नसेल तर एवढी एकच पायरी वाचा. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे.

"बोथ द लिफ्ट्स आर नॉट वर्किंग." आपल्याकडच्या कितीतरी इमारतींत हा कागद चिकटवलेला असतो. आपण वाचतो: दोन्ही लिफ्ट बंद. पण हे वाक्य "दोन्ही चालू आहेत असं नाही" असंही वाचता येतं, म्हणजे एखादी चालू असेल. हा काही इंग्रजीचा विक्षिप्तपणा नाही. आपली म्हण आठवा: चकाकतं ते सगळं सोनं नसतं. तिचा अर्थ काही "चकाकणारं काहीच सोनं नसतं" असा होत नाही. काही असतं, काही नसतं. इंग्रजी म्हणीतही "ऑल" आणि "नॉट" असेच दूरदूर आहेत आणि अर्थ हाच आहे. सगळं आणि नाही, दोन्ही आणि नाही, हे एका वाक्यात आले की नकार नेमका कशाला लागतो हा प्रश्न उभा राहतो. मराठीत त्याचा निकाल "ही", "च" किंवा "एकही" लावतात. इंग्रजीत तो निकाल लावणारा शब्द "नायदर".

म्हणून "नायदर लिफ्ट इज वर्किंग". लक्ष द्या: नायदरच्या पोटात नकार आधीच आहे, त्यामुळे पुन्हा नॉट घालायचं नाही. मराठीत "दोघांपैकी एकही आला नाही" असे आपण नकार क्रियापदात ठेवतो, त्या सवयीने "नायदर ऑफ देम डिड नॉट कम" लिहिलं जातं. त्याचा सरळ हिशेब केला तर दोघंही आले असा निघतो.

एका ओळखीच्या मुलीने परदेशी शिकायला जायच्या अर्जासोबत घरची परिस्थिती लिहिली होती. आई-वडील दोघंही निवृत्त, दोघांनाही नोकरी नाही. तिने लिहिलं, "बोथ माय पेरेंट्स आर नॉट एम्प्लॉइड." तिकडून नम्रपणे विचारणा आली की जे पालक नोकरीत आहेत त्यांच्या पगाराच्या पावत्या पाठवा. मुलगी घाबरून माझ्याकडे आली; आपण काहीतरी लपवतोय असा त्यांचा समज झालाय असं तिला वाटलं. तसं काही नव्हतं. त्यांनी तिचं वाक्य जसं होतं तसंच वाचलं होतं. "नायदर ऑफ माय पेरेंट्स इज एम्प्लॉइड, बोथ आर रिटायर्ड" असं दुरुस्त पत्र पाठवलं आणि प्रश्न मिटला. त्या पत्राच्या उत्तराची वाट पाहण्यात मात्र तिचे अकरा दिवस गेले, आणि ते दिवस तिने कसे काढले ते मी पाहिलं आहे.

मग जेव्हा खरोखर "दोघं नाही, एकच" असं म्हणायचं असतं तेव्हा? तेव्हा बोथला हातच लावू नका. "ओन्ली वन ऑफ देम केम." एवढं सरळ लिहिलं की कोणी विचारायला येत नाही.

याच पायरीत आणखी एक. "मलाही माहीत नाही" याचं "आय ऑल्सो डोन्ट नो" होतं, कारण "ही" म्हणजे ऑल्सो असं शाळेत डोक्यात बसलेलं असतं. होकारात ते बरोबर आहे. नकारात मात्र "ही"चा आयदर होतो: "आय डोन्ट नो आयदर", किंवा "नायदर डू आय". एक नकार आधी झालेला आहे, हा दुसरा, म्हणून इथे दोनाचा शब्द.

आयदर म्हणायचं की ईदर, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. दोन्ही बरोबर. त्यावर वेळ घालवू नका.

तिसरी पायरी: बोथची जागा

"माझे दोन्ही मुलगे" या मराठी शब्दांच्या क्रमाने लिहिलं की "माय बोथ सन्स" होतं. इंग्रजीत बोथ आधी येतो, मालकी नंतर: "बोथ माय सन्स". तसंच "द बोथ बुक्स" नाही, "बोथ द बुक्स" किंवा नुसतं "बोथ बुक्स". सर्वनामाआधी ऑफ लागतो: "बोथ ऑफ देम", "बोथ ऑफ अस". आणि "बोथ द टू" कधीच नाही. बोथमध्ये टू आलेलाच आहे.

याने अर्थ बदलत नाही. पण मुलाखतीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात पहिल्याच ओळीत हे दिसलं की वाचणाऱ्याचं मत बनतं, आणि ते पुसायला पुढची अख्खी दोन पानं पुरत नाहीत. शिवाय दुरुस्ती फुकट आहे. संगणकावर "बोथ" शोधा आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या आधीचा शब्द पाहा. माय, अवर, हिज, हर, देअर किंवा द दिसला की अदलाबदल करा.

एक बारीक गोष्ट भाषांतर करणाऱ्यांसाठी. मराठीत दोघे, दोघी, दोघं, दोन्ही यांतून बाई-पुरुष-वस्तू कळतात. बोथमध्ये ते काहीच उरत नाही. "दोघी गेल्या" याचं नुसतं "बोथ लेफ्ट" केलं आणि आधीच्या वाक्यात दोन बायका आणि दोन पुरुष असतील, तर कोण गेलं ते वाचणाऱ्याला कळणार नाही. तिथे "बोथ विमेन" असं स्पष्ट लिहा.

चौथी पायरी: जोडीदार जुळतो का

बोथचा जोडीदार अँड. आयदरचा ऑर. नायदरचा नॉर. मोठ्या वाक्यात पहिला शब्द आला की दुसरा येईपर्यंत आपण काय सुरू केलं होतं ते विसरतो, आणि "बोथ मराठी अ‍ॅज वेल अ‍ॅज हिंदी" असं काहीतरी तयार होतं. एक तर "बोथ मराठी अँड हिंदी" लिहा, नाही तर बोथ काढून "मराठी अ‍ॅज वेल अ‍ॅज हिंदी".

जोडीदार सापडला की दोघांच्या पुढे एकाच प्रकारचे शब्द आहेत का ते पाहा. "शी आयदर टीचेस इन पुणे ऑर नाशिक" इथे आयदरच्या पुढे क्रियापद आहे आणि ऑरच्या पुढे गावाचं नाव. "शी टीचेस आयदर इन पुणे ऑर इन नाशिक" असं केलं की तराजू सरळ होतो.

बिट्वीनचा जोडीदारही अँड. "बिट्वीन टेन टू ट्वेल्व्ह" हे आपल्या "दहा ते बारा"मधून आलेलं आहे. "बिट्वीन टेन अँड ट्वेल्व्ह" किंवा "फ्रॉम टेन टू ट्वेल्व्ह". बिट्वीन दोनांसाठी आणि अमंग त्याहून जास्त जणांसाठी, असा शाळेतला नियम आठवून काही जण अडतात. बिट्वीनमध्ये टूचंच मूळ आहे हे खरं; ट्विन, ट्वाइस, ट्वेन्टी ही सगळी त्याचीच भावंडं. पण तीन ठिकाणं स्वतंत्रपणे मोजायची असतील तर "बिट्वीन मुंबई, पुणे अँड नाशिक" हे अगदी शुद्ध आहे. ईच अदर फक्त दोघांसाठी आणि वन अनदर जास्त जणांसाठी, हा नियमही चांगले इंग्रजी लेखक पाळतातच असं नाही. या दोन गोष्टींसाठी मी कोणाचा कागद परत पाठवत नाही.

पाचवी पायरी: क्रियापद एकवचनी की अनेकवचनी

बोथ अनेकवचनी. ईच, आयदर, नायदर एकेकाला हात लावतात, म्हणून लेखी भाषेत एकवचनी: "नायदर ऑफ द बॉइज इज", "ईच ऑफ द टू सिस्टर्स हॅज". मधल्या "बॉइज", "सिस्टर्स"मुळे हात आपोआप आर आणि हॅवकडे जातो, तो थांबवा. नायदर-नॉर किंवा आयदर-ऑर असेल तर क्रियापद जवळच्या नामाचं ऐकतं: "नायदर द चेअरमन नॉर द मेंबर्स वेअर प्रेझेंट". "आयदर यू ऑर आय" यापुढे काय घालायचं यावर डोकं शिणवण्यापेक्षा वाक्यच बदला: "वन ऑफ अस विल गो".

कात्री, चिमटा, चष्मा, विजार यांचं थोडक्यात. मराठीत ही एक वस्तू आहे, इंग्रजीत दोन पात्यांची, दोन भिंगांची, दोन पायांची म्हणून अनेकवचनी. "द सिझर्स आर". मोजायच्या असतील तर पेअर: "टू पेअर्स ऑफ सिझर्स". आणि "अ कपल ऑफ फ्रेंड्स" म्हणजे जोडपं नव्हे; दोन-तीन मित्र.

सहावी पायरी: प्रत्येकी की मिळून

इथून पुढे काम जरा अवघड होतं, कारण वाक्य व्याकरणाने शुद्ध असतं आणि तरीही अपुरं असतं.

"बोथ माय सन्स शॅल रिसीव्ह टेन लाख रुपीज." प्रत्येकाला दहा, की दोघांत मिळून दहा? वाक्य सांगत नाही. मराठीत आपण "दोघांना दहा-दहा लाख" म्हणतो आणि विषय संपतो. शब्द दोनदा उच्चारून वाटणी सांगण्याची ही सोय इंग्रजीत नाही. तिथे "ईच" लिहावा लागतो: "ईच ऑफ माय टू सन्स शॅल रिसीव्ह टेन लाख रुपीज". मिळून असेल तर "टुगेदर" किंवा "टू बी शेअर्ड इक्वली बिट्वीन देम".

एक आजोबा आपल्या मुलांना इंग्रजीत पत्र लिहून ठेवत होते, कारण एक सून तमिळभाषी आणि नातवंडांना मराठी वाचता येत नाही. पत्रातलं वाक्य जवळजवळ वरच्यासारखंच होतं. मी विचारलं, "आजोबा, एकूण किती द्यायचेत?" ते म्हणाले, "अगं, दहा-दहा. स्वच्छ लिहिलंय की!" त्यांच्या डोक्यात ते स्वच्छच होतं. कागदावर दहा एकदाच होते. भावांमध्ये पुढे काय झालं असतं याची कल्पना करायची मला हिंमत होत नाही.

ईच म्हणजे "एकेकाला धरून" हे कायद्याने किती काटेकोरपणे वापरलंय ते पाहण्यासारखं आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये मृत्युपत्राला दोन किंवा अधिक साक्षीदार हवेत असं सांगून त्या साक्षीदारांबद्दल "ईच ऑफ हूम" हे शब्द वापरले आहेत. एकेका साक्षीदाराने काय पाहिलेलं असावं आणि काय करावं ते स्वतंत्रपणे सांगितलं आहे, आणि दोघं एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही असंही तिथेच म्हटलं आहे. तिथे नुसता बोथ असता तर "दोघं एकत्र" की "दोघं वेगवेगळे" यावरच वाद झाले असते.

दोन माणसं आणि दोन गोष्टी जोडायच्या असतील तर "रिस्पेक्टिव्हली", आपलं "अनुक्रमे". "माय डॉटर अँड माय सन लिव्ह इन ठाणे अँड पणजी रिस्पेक्टिव्हली." हा शब्द विसरला तर दोघं दोन्ही गावांत राहतात.

सातवी पायरी: जे शब्द दोन अर्थांचेच आहेत

काही शब्द दुरुस्त होत नाहीत. ते टाळायचे असतात. बायवीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, दोन्ही. शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेले असतात, त्यामुळे वाद घालून उपयोग नाही. बायमंथलीचं तेच. रिझर्व्ह बँकेचं "बायमंथली" पतधोरण दर दोन महिन्यांनी येतं, म्हणजे आपलं द्वैमासिक. पण एखाद्या कचेरीतलं बायमंथली महिन्यातून दोनदा असू शकतं. "ट्वाइस अ वीक", "एव्हरी टू मंथ्स" असं सुटं लिहा. पंधरवड्यासाठी "फोर्टनाइटली" आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये चालतो. अमेरिकेतल्या वाचकाला तो ओळखीचा नसण्याची शक्यता जास्त, तिथे "एव्हरी टू वीक्स". एक दिवसाआड म्हणजे "ऑन ऑल्टरनेट डेज" किंवा "एव्हरी अदर डे". औषधाच्या बाबतीत हे लिहित असाल तर सरळ वारांची नावं घाला.

आयदरसुद्धा या रांगेत येतो. "ऑन आयदर साइड ऑफ द रोड" म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. पण "यू मे पार्क ऑन आयदर साइड" म्हणजे कोणत्याही एका बाजूला लावा. दोन्ही बाजूंना झाडं आहेत असं सांगायचं असेल तर "बोथ साइड्स" लिहिलेलं बरं.

फॉर्मर आणि लॅटर: लॅटरमध्ये दोन टी, नाही तर तो "लेटर", म्हणजे नंतर, होतो. खरं सांगायचं तर मी हे दोन्ही शब्द शक्य तिथे काढून टाकते आणि नाव पुन्हा लिहिते. वाचणाऱ्याला मागे जाऊन पहिला कोण नि दुसरा कोण हे शोधायला लावू नये.

इथे थांबा

वरच्या सात पायऱ्या पत्रं, अर्ज, नोटिसा, ईमेल यांसाठी पुरतात. काही कागदांवर मात्र भाषा तपासणाऱ्या माणसाने हात आवरला पाहिजे, आणि मीही आवरते.

पहिला, बँकेतल्या संयुक्त खात्याचा किंवा ठेवीचा फॉर्म. "आयदर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतो, आणि एकाच्या पश्चात दुसरा. "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" म्हणजे ज्याचं नाव पहिलं त्याचीच सही चालते. तो हयात असेपर्यंत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. "जॉइंटली" म्हणजे दोघांच्या सह्या. इतकं भाषेने कळतं. पण मुदत ठेव "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असली तरी मुदतीआधी मोडायला सर्वसाधारणपणे दोघांच्या सह्या मागतात, आधी तशी लेखी सूचना दिलेली नसेल तर. हे आयदर या शब्दाकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळणार नाही. हे शाखेत जाऊन विचारायचं, आणि दोघंही धडधाकट असताना विचारायचं. नवरा दवाखान्यात आणि बायको काउंटरवर उभी, अशी वेळ आल्यावर फॉर्मचा अर्थ समजून घेणं फार जड जातं. शिवाय सर्व्हायव्हरच्या हाती पैसे येणं आणि त्या पैशावर त्याचा एकट्याचा हक्क असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. इतर वारसांचा हक्क तेवढ्याने संपत नाही.

दुसरा, मृत्युपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, भागीदारीचा करार, घराचं साठेखत. यात बोथ, ईच, आयदर, सर्व्हायव्हर यांपैकी एक शब्दही स्वतःच्या मनाने बदलू नका आणि माझ्यासारखीकडून बदलून घेऊ नका. दोघांपैकी एक आधी गेला तर त्याचा वाटा दुसऱ्याला की त्याच्या मुलांना, हे वाक्यरचनेवरच नाही, कायद्यावरही ठरतं. वकील गाठा. आणि मृत्युपत्र इंग्रजीतच असावं असा कुठेही नियम नाही. मराठीतलं तितकंच वैध असतं. नातवंडांसाठी इंग्रजी प्रत हवी असेल तर ती नंतर भाषांतर म्हणून करून घ्या.

तिसरा, कोर्टात किंवा पोलिसांत द्यायचा जबाब. "दोघांनी मारलं नाही" आणि "दोघांनीही मारलं नाही" यांतला फरक तुम्हाला आता माहीत आहे. जबाब मराठीत द्या, वाचून घ्या, मगच सही करा.

वकिलाकडे जाताना तुमचं इंग्रजी वाक्य नेऊ नका. मराठी वाक्य न्या, "ही", "प्रत्येकी", "दहा-दहा" सगळ्यांसकट, आणि एकूण रक्कम आकड्यात शेजारी लिहून न्या.